एक्केचाळिसावे नाव

"पुढचा," डॉक्टर वेनस्कॉट म्हणाले, आणि लोरेटा हुडाकने बटण दाबून पडद्यावरचा चेहरा बदलला.

"हा कोण?"

"तोच तो. मुलाखतीत मागे भिंतीवर गिटार टांगलेली होती बघा."

"हां, गिटारवाला. मला बरा वाटला."

"वाजवतो का पण?"

"ते नाही विचारलं."

"चार द्या मग."

लोरेटाने चार लिहिले. पाचपैकी चार. चार वर्षे कॉलेज, चार वर्षे मेडिकल, वर दिवस दिवस चालणाऱ्या परीक्षा, आणि शेवटी पोराला तारले ते न वाजवलेल्या गिटारीने. सेंट कॉर्नेलिया हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावरच्या त्या खोलीत सहा डॉक्टर टर्कीची सँडविचे खात बसले होते आणि खाता खाता शंभरावर माणसांची लायकी ठरवत होते. एकाच्या मिशीला मेयोनीज लागले होते. ते त्याला कुणी सांगत नव्हते. लोरेटाही सांगणार नव्हती.

सव्वीस वर्षे ती हेच पाहत आली होती. तिच्या दारावर 'रेसिडेन्सी कोऑर्डिनेटर' अशी पाटी होती. म्हणजे शिकाऊ डॉक्टरांच्या भरतीचे सगळे काम तिने करायचे आणि शाबासकी डायरेक्टरने घ्यायची. सप्टेंबर संपता संपता अर्ज येऊ लागत. जागा आठ, अर्ज तीन हजार. प्रत्येकासोबत एक पानभर निवेदन: मला डॉक्टर का व्हायचे आहे. पहिली दोन वर्षे लोरेटाने ती निवेदने मन लावून वाचली, एकदोनदा डोळेही पुसले. मग तिच्या लक्षात आले की तीन हजारांपैकी हजारभर जणांचे आजोबा मरतात, तेही नातवाचा हात हातात धरून, आणि मरता मरता त्याला वैद्यकशास्त्राची गोडी लावून जातात. तेव्हापासून पहिल्या ओळीत आजोबा दिसले की ती पान उलटायची. उरलेल्यांना लहान गावात, साध्यासुध्या माणसांत काम करण्याची तळमळ लागलेली असायची. त्यातल्या निम्म्यांनी हॉस्पिटलाचे गाव पेनसिल्व्हेनियाऐवजी ओहायोत नेऊन ठेवलेले असायचे.

जानेवारीअखेरपर्यंत मुलाखती, फेब्रुवारीत ही बैठक, आणि मार्चच्या पहिल्या बुधवारी याद्या बंद. विद्यार्थ्याने आपल्या पसंतीने हॉस्पिटलांची नावे लिहायची, हॉस्पिटलाने आपल्या पसंतीने विद्यार्थ्यांची. देशभरातल्या सगळ्या याद्या एका संगणकाच्या पोटात जातात आणि तो ज्याची गाठ ज्याच्याशी मारील ती पक्की. मग कुणालाही नाक मुरडायची सोय नाही. याला मॅच म्हणतात. आपली यादी दुसऱ्या बाजूला दाखवायची नाही असा नियम असल्यामुळे महिनाभर दोन्ही बाजू एकमेकांशी मनसोक्त खोटे बोलतात. एकेक पोरगा दहा-दहा हॉस्पिटलांना लिहितो की तुम्हीच माझी पहिली पसंती. एकेक डायरेक्टर पन्नास पोरांना सांगतो की तुमच्याविषयी आमचे मत फार चांगले आहे. आणि नंतर हेच लोक आजाऱ्याला खरे कसे सांगावे यावर व्याख्याने देतात.

इथले डायरेक्टर डॉक्टर वेनस्कॉट यांना तर यात आणखी एक रोग जडला होता. वर्षातून एकदा सगळ्या डायरेक्टरांची परिषद भरते. तिथे ग्लास हातात आला की पहिला प्रश्न असतो, तुम्ही यंदा किती खाली उतरलात? म्हणजे जागा भरायला यादीतल्या कितव्या नावापर्यंत जावे लागले. आकडा जितका लहान तितकी कॉलर ताठ. गेल्या साली वेनस्कॉटांना एकशे सोळापर्यंत उतरावे लागले होते. आठही जागा भरल्या होत्या, आलेली पोरे कामाला चांगली निघाली होती. पण एकशे सोळा हा आकडा त्यांच्या घशात माशाच्या काट्यासारखा अडकून बसला होता.

"यंदा यादी चाळीस नावांची," त्यांनी जाहीर केले. "निवडक. त्याखाली उतरायचा प्रश्नच नको."

"आणि चाळीसही दुसरीकडे गेले तर?" फुफ्फुसांचे म्हातारे डॉक्टर ऑस्ट्रँडर यांनी विचारले.

"जातील कशाला? नावं बघा ना. एकेकाचं कॉलेज बघा."

"तेच बघतोय. असल्या कॉलेजांची पोरं आपल्याकडे कशाला मरायला येतील, प्रेस्टन? आपल्या गावातलं शेवटचं थिएटर बंद पडून सहा वर्षं झाली."

"आपण एक कुटुंब आहोत," वेनस्कॉट म्हणाले. "लोकांना ते जाणवतं. पुढचा."

लोरेटाने बटण दाबले. पडद्यावर गेल रस्नाक आली.

तिला ओळखत नाही असे त्या खोलीत कुणी नव्हते. गेल याच हॉस्पिटलात श्वसनविभागात तंत्रज्ञ होती. ज्याला श्वास घेता येत नाही त्याला यंत्र लावायचे, त्या यंत्रावर नजर ठेवायची, हे तिचे काम. पस्तिशी गाठता गाठता तिने डॉक्टर व्हायचे मनात घेतले. इथल्या कॉलेजांनी दारात उभे केले नाही तेव्हा कॅरिबियनमधल्या एका बेटावरच्या कॉलेजात जाऊन शिकून आली. पहिल्या परीक्षेत एकदा नापास झाली, मग पास. पुढच्या दोन्ही पहिल्याच फटक्यात. आता ती चव्वेचाळीस वर्षांची होती. गेल्या साली मॅचमध्ये तिला कुणीच घेतले नव्हते, म्हणून ती पुन्हा जुन्या जागेवर, त्याच निळ्या कपड्यांत यंत्रे लावत होती. यंदा हुकले की संपलेच. पदवी शिळी झाली की अर्ज कुणी उघडूनही पाहत नाही.

"गेलबद्दल काय बोलायचं," ऑस्ट्रँडर म्हणाले. "या खोलीतल्या निम्म्या लोकांना व्हेंटिलेटर तिनेच शिकवलाय."

"गेल उत्तमच आहे," वेनस्कॉट म्हणाले. "माणूस म्हणून प्रश्नच नाही. पण ते नापास होणं, ते बेट, वय... शिवाय सगळ्यांचे फोटो वेबसाइटवर लागतात."

"फोटोत काय वाईट दिसणार आहे ती?"

"तसं नाही हो. मी एकूण चित्राबद्दल बोलतोय."

एकूण चित्र म्हटल्यावर सगळे आपापल्या सँडविचकडे पाहू लागले. ऑस्ट्रँडरही. मिशीला मेयोनीज लागलेल्या डॉक्टरांनी घड्याळ पाहिले. वेनस्कॉटांनी 'पुढचा' म्हटले आणि लोरेटाने बटण दाबले.

तीनच आठवड्यांपूर्वी याच वेनस्कॉटांनी दुसऱ्या मजल्यावर गेलचे दोन्ही हात हातात घेतले होते. लोरेटा शेजारी कॉफीचा कप धरून उभी होती. "तुमची मुलाखत फार आवडली सगळ्यांना," ते म्हणाले होते. "तुम्ही तर घरच्याच. मार्चमध्ये आपल्याला आनंद साजरा करायचाय, लक्षात ठेवा." गेलचे कान लाल झाले होते. चव्वेचाळिसाव्या वर्षी बाईचे कान लाल होताना पाहून लोरेटाला वेनस्कॉटांची टाय ओढावीशी वाटली होती. तिने कॉफीचा घोट घेतला होता.

लोरेटा आणि गेल दुपारचे जेवण बरोबर घ्यायच्या. मधली बेटावरची वर्षे सोडली तर पंधरा वर्षांचा रिवाज. तळघरातल्या कँटीनमध्ये, खांबाजवळच्या टेबलावर. लोरेटा नावे गाळून अर्जांतले मासले वाचून दाखवायची, वेनस्कॉटांची नक्कल करायची, नियमांची टर उडवायची. गेल हसून हसून डोळे पुसायची. बैठकीच्या दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये हालुश्की होती, म्हणजे लोण्यात परतलेली कोबी आणि नूडल्स. गेलने दोन घास खाऊन काटा खाली ठेवला.

"मी एकच नाव लिहिलं," ती म्हणाली.

"कशात?"

"यादीत गं. फक्त आपलं हॉस्पिटल. नेब्रास्का आणि ब्राँक्सच्या मुलाखती बऱ्या झाल्या होत्या, पण नाही लिहिली ती नावं. पप्पांचा ऑक्सिजन दिवसभर चालू असतो आता. त्यांना टाकून कुठे जाऊ? आणि वेनस्कॉट स्वतःच्या तोंडाने बोलले. तू होतीस की तिथे."

"होते," लोरेटा म्हणाली.

तो हे सगळ्यांना सांगतो, एवढे चार शब्द तिच्या ओठांवर आले होते. बाकीची दोन नावे लिही, आज घरी जाऊन लिही, एवढे सांगितले असते तरी पुरे होते. पण उमेदवाराशी यादीबद्दल चकार शब्द काढायचा नाही असा नियम होता. इतर दिवशी ती ज्या नियमाला हसायची तो त्या दिवशी तिला फार सोयीचा वाटला.

"खा," ती म्हणाली. "गार होतंय."

मार्चचा पहिला बुधवार उजाडला तेव्हा डॉक्टर वेनस्कॉट फ्लोरिडात होते. यादी डायरेक्टरने स्वतः भरायची आणि स्वतःच्या सहीशिक्क्यानिशी पक्की करायची असा दंडक आहे. पण वेनस्कॉटांना आपला पासवर्ड कधी लक्षात राहिला नव्हता. तो एका पिवळ्या चिठ्ठीवर लोरेटाच्या खणात असायचा, आणि वर्षानुवर्षे यादी लोरेटाच पक्की करायची. तिने एकेक करून चाळीस नावे भरली. गिटारवाला अकरावा आला. मग तिने खिडकीबाहेर पाहिले. पार्किंगमध्ये बर्फाचा काळा पडलेला ढीग होता आणि त्यापलीकडे गेलची जुनी गाडी उभी होती.

तीन वाजून वीस मिनिटांनी लोरेटाने एक्केचाळिसाव्या ओळीत गेल रस्नाक हे नाव लिहिले.

त्यात कुणाचे काही बिघडत नव्हते. चाळिसांतून आठ भरले तर ते नाव कुणाच्या खिजगणतीतही येणार नव्हते. न भरले तरच त्याची पाळी येणार होती, आणि तेव्हा जागा रिकामी राहण्यापेक्षा गेल काय वाईट? वेनस्कॉट यादी कधी उघडून पाहत नसत. लोरेटाला एकदम हलके वाटले. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा त्या यादीत एक तरी नाव तिला पटणारे होते. ती उठून पाणी प्यायली, परत येऊन ते नाव पुन्हा वाचले, त्याचे स्पेलिंग तपासले. तेवढ्यात फोन वाजला.

"झालं का?" वेनस्कॉटांनी विचारले. मागे पाण्यात कुणीतरी डुंबत होते.

"होतच आलंय, डॉक्टर."

"खाली आकडा येतो ना, एकूण नावांचा? काय दाखवतोय?"

चाळीस, असे म्हणायला तिला काहीच अडचण नव्हती. विचारणारा माणूस हजार मैलांवर पोहण्याच्या तलावाशी ओल्या चड्डीत बसला होता आणि त्याचा पासवर्ड हिच्या खणात होता. पण वरच्या माणसाने आकडा विचारला की समोर दिसतो तो वाचून दाखवायचा, ही सव्वीस वर्षांची सवय होती. त्याला प्रामाणिकपणा म्हणायचा तर खुशाल म्हणावे.

"एक्केचाळीस," ती म्हणाली.

"एक्केचाळीस? चाळीस ठरलं होतं ना आपलं? जास्तीचं कोण आलं?"

"टायपिंगची चूक झालीय. काढते."

"काढा, काढा. चाळीसच ठेवा. गोल आकडा बरा दिसतो."

तिने नाव काढले, यादी पक्की केली, कागदावर छापून घेतली. छापलेल्या कागदावर वेळ होती तीन एकतीस. याद्या बंद व्हायला रात्री नऊपर्यंत मुदत होती, आणि ती विद्यार्थ्यांनाही होती. लोरेटा घरी गेली. तिने सूप गरम केले, टीव्हीवरचा प्रश्नमंजूषेचा कार्यक्रम पाहिला. फोन टेबलावर समोर होता. एक वाक्य बोलली असती तर गेलने नेब्रास्का आणि ब्राँक्स लिहून टाकले असते. पण निवृत्तीला दोन वर्षे राहिली होती, नियम मोडल्याचे कुठून तरी बाहेर फुटले असते, आणि कदाचित गेल म्हणाली असती की तुला कसे ठाऊक. लोरेटाने वाडगा धुतला, पुसला आणि जागेवर ठेवला. मुदत संपली.

दोन आठवड्यांनी, सोमवारी सकाळी दहाला निकाल आला. विद्यार्थ्याला फक्त जुळले की नाही एवढेच कळते. कुठे ते शुक्रवारी. हॉस्पिटलांना त्याच वेळी कळते की जागा भरल्या की नाही. सेंट कॉर्नेलियाच्या सहा भरल्या, दोन रिकाम्या राहिल्या.

"चाळीसच्या चाळीस संपले?" वेनस्कॉट तिच्या टेबलाशी उभे होते. फ्लोरिडाच्या उन्हाने नाकाची सालपटे निघत होती.

"संपले."

"अहो, पण खालून कुणी तरी..."

"खाली कुणी नव्हतंच, डॉक्टर."

रिकाम्या जागांची यादी लपून राहत नाही. ज्यांचे कुठेच जुळले नाही त्या सगळ्यांना ती दिसते, कारण उरलेल्या जागांसाठी त्यांना पुन्हा अर्ज करता येतो. त्या यादीत सेंट कॉर्नेलियाचे नाव होते, पुढे दोनचा आकडा. ज्याने आपल्या यादीत सेंट कॉर्नेलिया लिहिले आणि तरी ज्याचे जुळले नाही, त्याला तो आकडा पाहून एक गोष्ट लख्ख कळते. हॉस्पिटलाच्या यादीत आपण खूप खाली नव्हतो. शेवटीही नव्हतो. आपण नव्हतोच. कारण यादीत इथे यायला राजी असलेले एक जरी नाव उरले असते तरी संगणकाने जागा रिकामी सोडली नसती. हे लोरेटाच्या लक्षात दहा वाजून चार मिनिटांनी आले. गेलच्या लक्षात दहा वाजून एका मिनिटानेच आले असणार.

उरलेल्या जागांचा हा बाजार चार दिवस चालतो आणि त्याचाही एक नियम आहे. हॉस्पिटलाकडून बोलावणे आल्याशिवाय उमेदवाराने त्यांच्यापैकी कुणाशी बोलायचे नाही. फोन नाही, चिठ्ठी नाही, निरोप नाही. गेल एक मजला खाली काम करत होती. सोमवारी दुपारी ती कँटीनमध्ये आली, थाळी घेतली आणि भिंतीकडे तोंड करून दूरच्या टेबलावर बसली. लोरेटा खांबाजवळच्या टेबलावर बसली. मंगळवारीही तसेच झाले. गेलने नियम काटेकोर पाळला, आणि तिच्यावर कसला ठपका ठेवायला कुणाला जागा ठेवली नाही.

दोन जागांसाठी अकराशे अर्ज आले. वेनस्कॉटांनी सांगितले, गुणांप्रमाणे लावा, नापासवाले आधीच काढून टाका.

"गेलचाही अर्ज आहे यात," लोरेटा म्हणाली.

"आहे ना? बिचारी."

"दोन जागा आहेत, डॉक्टर. ती उद्यापासूनसुद्धा कामाला लागेल."

वेनस्कॉटांनी उठून दार लावले. "लोरेटा, जरा विचार करा. आता तिला बोलावलं तर तिला कळणार, की पहिल्या यादीत ती नव्हती."

"ते तिला कळलंय."

"कळणं वेगळं आणि मी तोंडाने कबूल करणं वेगळं. काय काय बोलून बसलोय मी तिच्याशी. पुढची तीन वर्षं ती रोज समोर येणार आणि मी काय तोंड दाखवू? नको, नको. मलाच फार अवघडल्यासारखं होईल."

लोरेटाने त्यांच्या सालपटलेल्या नाकाकडे पाहिले. त्यांना खरोखरच वाईट वाटत होते. स्वतःची लाज राखण्यासाठी दुसऱ्याचे आयुष्य मोडायचे आणि वर स्वतःचीच कीव करायची, याला फार शिक्षण लागते, असे तिला वाटले. मग तिने नापासवाले काढून टाकले. अर्ज नऊशे चाळीस उरले.

गुरुवारी सकाळी दोन जागा दोघांना देऊ केल्या गेल्या आणि तासाभरात दोघांनी पत्करल्या. त्यातल्या एकाने फोनवर विचारले होते की जवळ विमानतळ आहे का. दुसऱ्याने काहीच विचारले नाही.

शुक्रवारी मॅचचा दिवस होता. विभागात केक आणला होता, निळ्या साखरेत हॉस्पिटलचे नाव काढलेले. वेनस्कॉटांनी छोटेसे भाषण केले. आपण एक कुटुंब आहोत असे सांगितले, आणि शेवटी म्हणाले, "आणि एक सांगायला अभिमान वाटतो, यंदा आपण चाळीसच्या खाली उतरलो नाही." ते खोटे नव्हते. टाळ्या पडल्या. ऑस्ट्रँडरांनी केकचा कोपरा घेतला आणि लोरेटाकडे न पाहता निघून गेले.

ईस्टरआधीच्या लेंटच्या उपवासातला, मांस वर्ज्य असलेला शुक्रवार असल्याने कँटीनमध्ये तळलेल्या माशाचे सँडविच होते आणि अर्धे गाव जेवायला आल्यासारखी गर्दी होती. आता बाजार उठला होता, बोलायला बंदी नव्हती. गेल थाळी घेऊन खांबाजवळच्या टेबलाशी आली आणि नेहमीच्या खुर्चीवर बसली.

"एकच विचारते," ती म्हणाली. "मी शेवटचीसुद्धा नव्हते ना?"

याद्या गुप्त असतात, हे उत्तर लोरेटाने सव्वीस वर्षांत शेकडो जणांना दिले होते.

"होतीस," ती म्हणाली. "एक्केचाळिसावी. मीच घातलं होतं तुझं नाव. अकरा मिनिटं होतं ते. मग त्यांचा फोन आला, आकडा विचारला आणि मी काढलं."

"काय सांगितलंस त्यांना?"

"टायपिंगची चूक झाली म्हणून."

गेलने सँडविचचा कागद उलगडला आणि पुन्हा मिटला. शेजारच्या टेबलावरचे कुणीतरी सॉस मागत होते. तिने बाटली उचलून त्यांना दिली.

"किती वाजता काढलंस?"

"साडेतीनला."

"म्हणजे नऊपर्यंत साडेपाच तास होते. माझी यादी उघडी होती, लोरेटा. मी घरीच होते. पप्पांच्या पायांना तेल लावत बसले होते. दोन नावं लिहायला मला दोन मिनिटं लागली असती."

"नियम असा..." लोरेटाने सुरुवात केली आणि थांबली.

"तू त्या नियमांना हसायचीस," गेल म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "इथे बसून सगळ्यांना हसायचीस. वेनस्कॉटना, त्या पोरांना, त्यांच्या आजोबांना. मला वाटायचं, हसते म्हणजे ही आमच्या बाजूची आहे."

लोरेटाला आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचा मनापासून तिटकारा आला. वेनस्कॉट निदान पोहायला तरी गेले होते. ती फोनसमोर बसून होती. माफ कर, असे ती म्हणाली, पण कँटीनच्या गोंगाटात ते तिचे तिलाच नीट ऐकू आले नाही. गेलच्या कमरेचा पेजर वाजला. तिने त्यावरचा खोलीचा नंबर पाहिला, न खाल्लेले सँडविच कागदात गुंडाळून घेतले आणि निघून गेली. कुणाला तरी श्वास लागला होता.

त्यानंतर ती कँटीनमध्ये येईनाशी झाली. डबा आणते आणि विभागातच खाते, असे कुणीतरी सांगितले. येत्या सप्टेंबरातही तिने अर्ज करावा, मी चांगले पत्र देतो, असे ऑस्ट्रँडर तिला म्हणाले म्हणे. तिने आभार मानले आणि आता नको म्हणून सांगितले. नेब्रास्काच्या हॉस्पिटलाच्याही दोन जागा त्या सोमवारच्या यादीत रिकाम्या दिसल्या होत्या. गेलने ते नाव लिहिले असते तर कदाचित जुळले असते, हे लोरेटाने त्याच दिवशी ओळखले होते. कुणाला सांगितले नव्हते.

एप्रिलच्या शेवटी गेल तिसऱ्या मजल्यावर आली. दार उघडेच होते, तरी तिने टकटक केले आणि उंबऱ्यापाशी उभी राहिली.

"मिसेस हुडाक, वेळ आहे का?"

लोरेटा अर्धी उठली. "ये ना. बस."

"बसत नाही. जुलैमध्ये नवे डॉक्टर आले की पहिल्या आठवड्यात त्यांना व्हेंटिलेटर शिकवायचा असतो. यंदा ते काम माझ्याकडे आलंय. हजेरीसाठी नावं हवी होती."

लोरेटाने आठ नावांचा कागद छापला आणि तिच्या हातात दिला. गेलने तो उभ्यानेच वाचला, एकेका नावावर बोट ठेवत, वरून खालपर्यंत. सातव्या नावाशी ती थांबली. तो विमानतळ विचारणारा.

"याचा उच्चार कसा करतात?"

लोरेटाने सांगितला. गेलने खिशातली पेन्सिल काढून नावाच्या बाजूला तो लिहून घेतला.

"पहिल्याच दिवशी नाव चुकीचं घेतलं की वाईट वाटतं माणसाला," ती म्हणाली. "आठच ना?"

"आठच."

"मग दोघा-दोघांच्या चार जोड्या करते. थँक्यू, मिसेस हुडाक."

तिने कागदाची नीट घडी घातली, निळ्या खिशात ठेवली आणि जाताना दार हलकेच ओढून घेतले.